स्वभावाचा रकाना

“सर, अजून कुणीतरी आत आहे,” शहनाज म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. ‘दैनिक दंडोबा’च्या इमारतीत त्या दुपारी आम्ही दोघंच होतो आणि वरच्या मजल्यावर पारवे होते. शेवटचा अंक निघून अकरा दिवस झाले होते. छपाईयंत्र गेलं होतं, खुर्च्या गेल्या होत्या, भिंतीवरचं घड्याळही गेलं होतं. नेणाऱ्याने खिळा तेवढा प्रामाणिकपणे ठेवला होता.

“आत म्हणजे कुठे? संडासात?”

“डेटाबेसमध्ये.”

तिथे माणसं राहतात हे मला नवीन होतं. पण तीस वर्षं विनोदी सदर लिहिलं की एक सवय लागते. न कळलेल्या गोष्टीला मान डोलवायची आणि घरी जाऊन तिची टिंगल लिहायची. मी मान डोलवली.

शहनाज मुजावर आमच्या पेपरचा सर्व्हर सांभाळायची. सर्व्हर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला काळा पेटारा. आठ वर्षांच्या बातम्या, जाहिराती, निधनवार्ता असं सगळं त्याच्या पोटात होतं. संपादकांना कधी लाभला नाही असा एसी त्याला होता. त्या दिवशी तो पेटारा कायमचा बंद करायचा, आतल्या सगळ्याची नक्कल एका डिस्कवर घ्यायची, डिस्क गावातल्या वाचनालयाला द्यायची आणि पेटारा पाच वाजता येणाऱ्या टेंपोत चढवायचा, असा बेत होता. ज्यानं तो घेतला होता तो आतलं सगळं पुसूनच वापरणार होता. हे रीतसर पार पडलं अशा कागदावर दोन सह्या लागत होत्या, एक जाणकाराची आणि एक जबाबदार माणसाची. दुसऱ्या प्रकारचा माणूस आमच्या पेपरात उरला नसल्यामुळे मला निवृत्तीतून बोलावून घेतलं होतं.

शहनाजच्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती, सर्व्हर बंद होण्याची वाट पाहत आहे अशा अर्थाची. तिच्यापुढे ठिपके पडत होते. सेकंदाला एक. ओळ भरली की पुढची ओळ. दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं आज्ञा दिली होती आणि आता पडद्यावर कुणीतरी मोठी रांगोळी काढायला बसल्यासारखं दिसत होतं.

“याला थांब म्हणून सांगितलंयस ना?”

“सांगितलंय.”

“मग?”

“तो थांबायला थांबलाय.”

“वायर उपट सरळ,” मी म्हणालो. त्या दुपारी मी दिलेला हा पहिला सल्ला.

मी दर्ग्यात चपला घालून शिरल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शाळेतल्या बाईंसारखी बोटं धरून सांगू लागली.

“याला थांबवायचे तीन मार्ग आहेत, सर. एक समजुतीचा. नवीन कुणाला आत घ्यायचं नाही, पण जे आत आहेत त्यांचं काम होऊ द्यायचं. ते आपणहून उठून गेले की दिवा मालवायचा. दुसरा घाईचा. सगळ्यांना उठवायचं, त्यांचं अर्धं राहिलेलं पुसायचं आणि दार लावायचं. तिसरा तडकाफडकी. कुणाला काही सांगायचंच नाही.”

“तिसरा आपल्या मालकांना येतो,” मी म्हणालो.

पेपर बंद केल्याची सूचना मालकांनी फळ्यावर लावली होती. दीड ओळीची. त्यातली अर्धी ‘आपला नम्र’मध्ये गेली होती.

शहनाज हसली. तिचं हसू उशिरा यायचं, म्हणून मला ते खरं वाटायचं.

“मी समजुतीचा लावलाय. एरवी तो मिनिटभर वाट बघून कंटाळतो. मी त्याला पाच तास थांबायला सांगितलंय.”

“घाईच्यानं काय बिघडेल?”

“याचं काही बिघडणार नाही. जो आत बसलाय त्याचं अर्धं काम जाईल.”

“जाऊ दे की. इथे अख्खा पेपर गेला.”

हा दुसरा सल्ला. ती पडद्याकडे बघतच म्हणाली, “नोकरीला लागले त्या वर्षी मी एकदा असं केलं होतं. सर्व्हर अडकला, मी घाबरले आणि मारून टाकला. तेव्हा खाली मगदूम अण्णा निधनं भरत होते. चार. चारही गेली.”

भूपाल मगदूम आमच्याकडे निधनवार्ता बघायचे. पंचवीस वर्षं तेच.

“दुसऱ्या दिवशी चार घरची माणसं दारात. अण्णा सगळ्यांना सांगत होते, माझ्याकडनं राहिलं, वय झालं आता. एकजण त्यांना काय काय बोलून गेला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. नंतर वर आले, या दारात उभे राहिले आणि म्हणाले, बाई, कुणी आत बसलंय का एवढं बघत जा.”

“मग?”

“मग काय. बघत असते.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालकांचे व्यवस्थापक घोरपडे. त्यांना फोनची गरज नसे. सांगलीतून बोलले तरी मिरजेत ऐकू यायचं.

“ताई, झालं का न्हाई? बटण दाबाय किती येळ लागतोय? फॅन बंद करतासा तसं करायचं. टेंपो पाच म्हंजे पाचला येतोय बघा.”

“करते, पाचपर्यंत,” शहनाज म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

मग तिनं दुसरी खिडकी उघडून यंत्रात त्या घटकेला काय काय चालू आहे त्याची यादी मागवली. यादी लांब होती. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघा. सात नंबरच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी आत आलंय. एक नोंद उघडलीय. पुरी केली नाही आणि सोडलीही नाही. नुसतं बसून आहे.”

“कधीपासून?”

“तीस जून. दुपारचे चार वाजून बारा मिनिटं.”

म्हणजे शेवटचा अंक तयार होत होता ती दुपार.

“सात नंबर कुणाचा?” मी विचारलं. शहनाजनं उत्तर द्यायच्या आतच मला ते आठवलं.

---

तळमजल्यावर एकच टेबल उरलं होतं. संपादकांचं टेबल एका वकिलानं उचललं, जाहिरात विभागाची टेबलं एका शिकवणीवाल्यानं नेली. निधनाचं टेबल कुणी घेतलं नाही. त्यावरचा कॉम्प्युटरही कुणी हलवला नव्हता. त्याची वायर सर्व्हरच्याच बॅटरीवर होती, कारण वीज गेली तरी मिरजेतली माणसं मरायची थांबत नसत. मॉनिटर बंद होता. खालचा डबा मात्र हळू आवाजात घुरघुरत होता.

या टेबलासमोर पंचवीस वर्षं माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी राहायची. आमच्या पेपरात निधनवार्तेचा साचा ठरलेला होता. नाव, वय, पत्ता, निधन कधी, त्यांच्या पश्चात कोण कोण असा परिवार आहे, रक्षाविसर्जन कधी. मगदूम अण्णा पांढरी टोपी सरळ करून विचारायचे, “पश्चात कोण कोण?” आणि तिथेच भांडणं लागायची. थोरल्याचं नाव आधी की नोकरीवाल्याचं, जावयाला घ्यायचं का, वेगळ्या झालेल्या सुनेला घ्यायचं का. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “मेलेल्या माणसाला काय वाटलं असतं ते सांगा.” मग माणसं गप्प व्हायची.

पूर्वी या साच्यात आणखी एक ओळ होती, स्वभावाची. अण्णांच्या हाताखालून जाणारा प्रत्येक मयत ‘मनमिळाऊ स्वभावाचा’ असे. ती ओळ मी घालवली.

माझ्या सदराचं नाव ‘टाचणी’. एका आठवड्यात विषय सुचेना म्हणून मी महिनाभराचे अंक घेऊन बसलो. त्या महिन्यात मिरजेत एकशे चार माणसं वारली होती आणि एकशे चारच्या एकशे चार मनमिळाऊ होती. मी लिहिलं की आमच्या गावात खडूस माणूस मरतच नाही. तेव्हा ज्यांना दीर्घायुष्य हवं असेल त्यांनी आजच शेजाऱ्याशी भांडण काढावं. एका सावकाराचं उदाहरण दिलं, एका मुख्याध्यापकाचं दिलं, नावं न घेता, पण गावाला कळतील अशी. लेख तुफान चालला. लोक रस्त्यात थांबवून पाठ म्हणून दाखवायचे. मगदूम अण्णाही हसले, मला चहा पाजला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती ओळ लिहायचं बंद केलं.

मला वाटलं, भाषा सुधारली. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

“लावू?” शहनाजनं विचारलं आणि मॉनिटरचं बटण दाबलं.

अर्धा भरलेला फॉर्म उजळला.

नाव : राजमती भूपाल मगदूम. वय : ६१. राहणार : मालगाव वेस. निधन : ३० जून, पहाटे. रक्षाविसर्जन : २ जुलै, सकाळी नऊ.

पश्चात : काही नाही.

स्वभाव : काही नाही. त्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. अकरा दिवस अंधारात तो तसाच लुकलुकत असणार.

तीस तारखेला सकाळी कृष्णाघाटावर मी होतो. मूलबाळ नसल्यामुळे अग्नी अण्णांनीच दिला. दुपारी शेवटच्या अंकासाठी मीही ऑफिसात गेलो होतो. अण्णा आले, तेव्हा आम्ही म्हणालो, घरी एकट्यानं बसवत नसेल, येऊ दे. ते या टेबलाशी बसून राहिले. सात वाजता पान छपाईला गेलं. शेवटच्या अंकात नऊजणांचं निधन छापून आलं. दहावं आलं नाही. गावात लोक म्हणाले, सगळ्यांचं छापलं आणि स्वतःच्या बायकोचं राहिलं. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, त्यांनाच नको असेल. विचारलं कुणीच नाही.

“हा स्वभावाचा रकाना इथे कसा?” मी विचारलं. “ती ओळ तर कधीच बंद झाली.”

“अण्णांनी ठेवायला लावला. मी फॉर्म करत होते तेव्हा.”

“पण वापरत नव्हते.”

शहनाजनं सकाळीच लॅपटॉपवर एक कच्ची नक्कल घेतली होती. तिनं उभ्याउभ्याच त्यात काहीतरी विचारलं.

“आठ वर्षांत अकरा हजार चारशे बारा निधनं. स्वभाव भरलेलं एकही नाही.” तिनं लॅपटॉप मिटला नाही, हातातच धरून ठेवला. “मी दोनदा म्हटलं, अण्णा, वापरत नाही तर काढून टाकू. म्हणायचे, असू दे. कुणाला लागला तर.”

तिसरा सल्ला मी दिला नाही. फोन लावला.

“अण्णा, सोवनी बोलतोय. जरा ऑफिसात येता का?”

“आता काय राहिलंय तितं?”

“तुमचं एक राहिलंय.”

मग ते म्हणाले, “मॉनिटर लावला व्हय तुम्ही.”

---

वीस मिनिटांनी सायकल दारात लागली. अण्णांनी पॅन्टची क्लिप काढून खिशात घातली, टोपी सरळ केली आणि रोजच्यासारखे टेबलाकडे गेले. खुर्ची नव्हती. शहनाजनं रद्दीचे दोन गठ्ठे एकावर एक ठेवले. अण्णा ‘दंडोबा’च्या दोन महिन्यांवर बसले.

“जेवलात का अण्णा?” तिनं विचारलं.

“शेजारनं ताट येतंय. आयुष्यभर हिच्याशी भांडली ती बाई, आता रोज ताट घेऊन येती.” मग फॉर्मकडे बघत म्हणाले, “चालू हाय अजून. मला वाटलं, गेलं असंल.”

“तुम्ही बंद का नाही केलात?”

“बंद कराय गेलो की इचारतंय न्हवं त्ये. ठिवायचं का टाकून द्यायचं. मला दोन्ही करायचं न्हवतं. म्हणून नुसतं तोंड बंद केलं त्याचं.” त्यांनी मॉनिटरला हात लावला.

“चूक माझी आहे,” शहनाज म्हणाली. “नोंद उघडली की पुरी होईपर्यंत धरून ठेवायची, असं मी केलं होतं. असं करत नाहीत. जाणती माणसं हसतात.”

“बरं केलंस.”

मी म्हणालो, “अण्णा, पाच वाजता टेंपो येतोय. त्याच्या आत ही नोंद केलीत तर ती वाचनालयातल्या नकलेत जाईल. नाही केलीत तर…”

“म्हाईत हाय. पुसून जाईल.”

“पेपर तर नाही आता. छापून नाही येणार.”

“छापून यायचं न्हाईच ओ. पर इतं नसली तर कुटं असंल ती?”

मी म्हणालो, “मग भरा की. फक्त दोन रकाने राहिलेत. स्वभावाचा रिकामा सोडा, सगळ्यांचा रिकामाच आहे.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाकडे बघायचे तसं.

“सगळ्यांचा तुमच्या लेखानं रिकामा हाय, सोवनीसाहेब. लोक यायचं, हात जोडायचं, आमच्या म्हाताऱ्याला मनमिळाऊ लिवा म्हणायचं. मी म्हणायचो, बंद झालंय त्ये. परत गेलं तोंड पाडून. एकेका घरातनं तेवढं एकच चांगलं बोलणं असायचं, त्ये बी मी घेतलं न्हाई. लोक हसतील म्हणून.” ते थांबले. “पर बायकोचं कसं रिकामं ठिवू मी?”

शहनाजनं खाली पाहिलं. माझ्याकडे बघायला नको म्हणून पाहिलं असावं.

“मग मनमिळाऊ लिहा,” मी म्हणालो. “कोण हसतंय आता?”

“ती होती का मनमिळाऊ? तुम्ही सांगा.”

आता राजमतीवहिनींबद्दल खरं सांगायला हरकत नाही. त्या मनमिळाऊ नव्हत्या. त्यांचा दूधवाला दारात दूध घालून, माफी मागून जायचा. कशाची ते त्यालाही ठाऊक नसे. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “तुम्ही विनोदी लिहिता म्हणं. मी वाचलं. हसू आलं न्हाई.” आणि वर तूप घातलं.

“नव्हत्या,” मी म्हणालो.

“तुमचा त्यो लेख मात्र तिला पटला. एकच. कापून कपाटाच्या दाराला चिकटवला आतनं. अजून हाय. म्हणायची, खरं लिवलंय बघा. आन् मला बजावून ठिवलं होतं. मी मेले आन् तुम्ही मनमिळाऊ लिवलंसा तर बघा. सोवनी पोट धरून हसंल.”

“मी हसलो नसतो, अण्णा.”

“हसला असता,” ते शांतपणे म्हणाले. “तवा हसला असता.”

वर, त्या काळ्या पडद्यावर, ठिपके पडत असणार. मला त्यांचा आवाज येत नव्हता, पण यायला लागेल असं वाटत होतं.

“त्या दिवशी तीन तास बसलो,” अण्णा म्हणाले. “खोटं लिवलं तर ती रागवंल. खरं लिवलं तर लोक म्हणतील, बघा, नवऱ्यानंच लिवलं. आन् तेवढंच राहील मागं. नाव, वय, पत्ता, वरचं सगळं पंचवीस वर्सं मी दुसऱ्याचं असंच लिवलं, कधी हात थांबला न्हाई.” ते गठ्ठ्यावर थोडे सरकले. “तुम्ही लिवा, साहेब. शब्दाचं काम तुमचं. त्यो रकाना तुम्हीच काढला, तुम्हीच भरा.”

मी वाकून कळफलकावर हात ठेवले. तीस वर्षं मी मिरजेतल्या कुणाच्याही स्वभावाला दोन मिनिटांत विशेषण चिकटवत आलो होतो. आमदाराला, डॉक्टरला, गवयाला, स्वतःच्या साडूला. लोक ती विशेषणं आडनावासारखी वापरायचे. आता चांगलं बोलणारं एक हवं होतं, राजमतीवहिनींसारखंच दिसणारं. मी शोधलं. परखड, स्पष्टवक्त्या, करारी. सगळी सत्कारसमारंभातली. मी हात काढून घेतले.

“नाही येत, अण्णा.”

“न्हाई येत,” ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. लगेच शहनाजचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि फोन रद्दीत, गठ्ठ्याच्या खाली सारला. घोरपडे तिथेही वाजत राहिले.

“अण्णा, सावकाश,” ती म्हणाली. “वर मी त्याला थांबायला सांगितलंय.”

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय फक्त घाटावर पाहिलं होतं. एका बोटानं ते टाइप करू लागले. अक्षर शोधायचे, सापडलं की जरा थांबायचे. मी वाचू नये म्हणून दाराकडे गेलो आणि तिथून वाचलं.

‘कडक. पण मला चालायचा.’

राहिलेला रकाना. पश्चात. इथे त्यांना वेळ लागला नाही. एकच शब्द.

या फॉर्मची अशी रीत होती की रकाने भरून झाले की तो आपोआप साच्यातली वाक्यं जोडून खाली दाखवायचा. त्यानं जोडली.

‘मालगाव वेस येथील राजमती भूपाल मगदूम (वय ६१) यांचे ३० जून रोजी पहाटे निधन झाले. त्यांचा स्वभाव कडक. पण मला चालायचा. त्यांच्या पश्चात मी असा परिवार आहे. रक्षाविसर्जन २ जुलै रोजी सकाळी नऊ वाजता आहे.’

शहनाजनं ते वाचलं. हळूच म्हणाली, “अण्णा, ‘पश्चात’चं वाक्य नीट करून देऊ?”

“काय चुकलंय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी लोकांची वाक्यं दुरुस्त केली होती.

“काही नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

अण्णांनी टोपी घातली. माउस फिरवून ‘नोंद करा’वर आणला. बोट उचललं आणि तसंच धरलं. मला वाटलं, ते परत मॉनिटरला हात लावतील. मग त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘नोंद झाली’ आलं. शेजारच्या फुलीवर त्यांनी दुसऱ्यांदा बोट दाबलं आणि खिडकी मिटली. काही न विचारता.

“बघ जा,” ते शहनाजला म्हणाले.

आम्ही तिघंही वर गेलो. पडदा ठिपक्यांनी भरला होता, वरून खालपर्यंत. शेवटच्या ओळीत ते मध्येच संपले होते, आणि त्यांच्यापुढे दोन शब्द होते. सर्व्हर थांबला. कुणी कशाला हात लावला नव्हता.

“झालं?” अण्णांनी विचारलं.

“झालं. आपणहून थांबला.”

“आत कुणी न्हाई न्हवं?”

“कुणी नाही, अण्णा. मी बघितलं.”

पक्की नक्कल घ्यायला पाऊण तास लागला. तोवर टेंपोवाल्याला समोरच्या हॉटेलातून चहा पाजला, दोनदा. मी त्या कागदावर सही केली, जबाबदार माणूस म्हणून. काळा पेटारा दोघांनी उचलून नेला. अण्णा दारात बाजूला होऊन उभे राहिले, आणि तो जिन्यावरून खाली जाताना त्यांनी टोपीला हात लावला.

---

अण्णा चार वर्षांनी गेले. घाटावर आम्ही अकराजण होतो. कुठल्याही पेपरात काही आलं नाही. ज्याच्याकडे जाऊन सांगायचं तो माणूसच गेला होता.

शहनाज तेव्हा पुण्याला नोकरी करत होती. ती आली ती सरळ वाचनालयात, मला घेऊन. ग्रंथपालांनी डिस्क एका कपाटात, दिवाळी अंकांच्या मागे ठेवली होती. चार वर्षांत ती कुणी मागितली नव्हती. शहनाजनं तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळं लावलं, सर्व्हर चालू केला आणि तोच फॉर्म उघडला.

नाव, वय, पत्ता, निधन. रक्षाविसर्जन. ती भरत गेली. ‘पश्चात’मध्ये तिनं मला न विचारता दोन नावं घातली. एक तिचं होतं. दुसरं वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

“स्वभाव, सर?”

“मनमिळाऊ,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली.

“लिही,” मी म्हणालो. “तोच शब्द लिही.”

तिनं लिहिलं. नोंद केली. फॉर्म मिटला आणि सर्व्हरला थांबायला सांगितलं, समजुतीच्या मार्गानं, पाच तासांची मुदत देऊन.

आत कुणीच नव्हतं. एकच ठिपका आला.